सायकलचं हेल्मेट चालेल का? स्केटबोर्ड शिकणाऱ्या आई-मुलासाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा ११ वर्षांचा, तो आणि तुम्ही दोघंही नव्यानं स्केटबोर्ड शिकताय. घरात सायकलचं हेल्मेट आहे, ते चालेल का? गुडघ्या-कोपरांच्या पॅडचा जो संच आणला तो सारखा खाली घसरतो. मुलाचं म्हणणं की व्हिडिओतली मुलं काहीच घालत नाहीत आणि पॅड घातले की बोर्डवर धड उभंही राहता येत नाही. मग खरोखर लागतं काय, आणि नुसता बोजा कोणता?

मी बरीच वर्षं लहान मुलांना आणि मोठ्यांना स्केटबोर्ड शिकवते आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीच विचारला जातो. पालक सहसा वस्तूंची यादी मागतात. मी आधी पडण्याबद्दल बोलते, कारण कोणत्या पडण्यात शरीराचा कोणता भाग जमिनीला लागतो हे कळलं की यादी आपोआप तयार होते. मुलाची तक्रारही मग नीट समजते. पॅडमुळे त्याला उभं राहता येत नसेल तर ते पॅड त्याच्या मापाचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्ही सपाट जागेवर शिकताय की रॅम्पवर (स्केटिंगसाठी बांधलेल्या उतारावर), जमीन गुळगुळीत काँक्रीटची आहे की खडबडीत डांबराची, मुलाचं वजन किती, आधी कधी मनगट मोडलंय का, यानुसार माझं उत्तर बदलेल. तुम्ही रॅम्पचा उल्लेख केलेला नाही, म्हणून दोघंही सध्या सपाट जागेवरच आहात असं धरून लिहिते. रॅम्पचं वेगळं जिथे येईल तिथे सांगेन.

नवशिका साधारण दोन तऱ्हांनी पडतो. पहिली तऱ्हा म्हणजे बोर्ड पायाखालून पुढे निसटतो आणि माणूस मागे कोसळतो. वजन मागच्या पायावर राहिलं की हे होतं, आणि पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांचं वजन मागेच असतं, कारण भीती वाटली की शरीर मागे झुकतं. यात हात मागे टेकले जातात, माकडहाड आपटतं आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोक्याची मागची बाजू जमिनीवर येते. दुसरी तऱ्हा उलटी. चाकाखाली छोटा खडा येतो, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. तेव्हा तळहात, गुडघे आणि कधी कधी हनुवटी सापडते. रॅम्पवर गेलात की यात तिसरी भर पडते, कुशीवर पडणं. त्यात नितंबाच्या बाजूचं हाड आणि कोपर यांना मार बसतो.

आता हेल्मेट. “आम्ही हळूच चालवतो” असं म्हणून ते टाळणारे खूप भेटतात. यात एक गोष्ट लक्षात घ्या. डोकं जमिनीवर किती जोरात आपटेल हे बोर्डच्या वेगापेक्षा डोकं किती उंचावरून खाली येतं यावर जास्त ठरतं. दीड मीटर उंचीवरून काहीही सरळ खाली पडलं तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर असतो. म्हणजे मोठा माणूस बोर्डवर नुसता उभा असताना पाय निसटून मागे पडला तरी डोक्याला मोठा आघात होऊ शकतो. म्हणून माझ्याकडे बोर्डवर पाय ठेवण्याआधी हेल्मेट डोक्यावर असतं, उभं राहायला शिकण्याच्या पहिल्या दिवशीसुद्धा.

सायकलचं हेल्मेट चालेल का, याचं उत्तर: काहीच नसण्यापेक्षा नक्की चालेल, पण कायमचं म्हणून नको. बहुतेक सायकल हेल्मेटच्या आत ईपीएस म्हणजे आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्या जातीचा कडक फोम असतो. जोराचा आघात झाला की तो दबतो, चुरडतो आणि त्यातच आघाताची ऊर्जा जिरते. पण एकदा दबलेला भाग पुन्हा फुगत नाही, म्हणजे त्या जागी पुढच्या वेळी संरक्षण उरत नाही. सायकलस्वार डोक्यावर क्वचित पडतो, तेव्हा त्याच्यासाठी हे ठीक आहे. स्केटबोर्ड शिकणारा मात्र छोटे-मध्यम आपटे पुन्हा पुन्हा खातो. शिवाय सायकलची बरीच हेल्मेट मागे निमुळती होत वर संपतात आणि डोक्याचा मागचा खालचा भाग उघडा राहतो. नवशिका तर नेमका त्याच भागावर पडतो. स्केटिंगची हेल्मेट गोल असतात आणि मागे बरीच खाली येतात, ती याचसाठी.

विकत घेताना हेल्मेटच्या आतलं लेबल वाचा. अमेरिकेतलं स्केटबोर्ड हेल्मेटचं मानक एएसटीएम एफ १४९२ असं लिहिलेलं असतं. त्यात हेल्मेटवर एकापेक्षा जास्त आघात करून पाहतात. सीपीएससी हे तिथलं सायकल हेल्मेटचं सक्तीचं मानक आहे. त्यात २ मीटर उंचीवरून सपाट पोलादी ऐरणीवर हेल्मेट पाडून आतल्या नकली डोक्याला किती धक्का पोचतो ते मोजतात. युरोपातलं ईएन १०७८ हे सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठी एकच मानक आहे. काही हेल्मेटवर एएसटीएम एफ १४९२ आणि सीपीएससी असे दोन्ही उल्लेख असतात. मी पालकांना ती सुचवते, कारण ती जोराच्या एका आघातालाही तपासलेली असतात आणि वारंवारच्या छोट्या आघातांनाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. दिसायला हुबेहूब स्केटिंगचं असलेलं पण आत नुसता मऊ स्पंज असलेलं, कोणत्याच मानकाचा उल्लेख नसलेलं हेल्मेटही बाजारात मिळतं. डोक्याला ते मऊ आणि छान लागतं, म्हणूनच लोक फसतात. लेबल नसेल तर घेऊ नका.

मिप्स नावाचा पिवळा पातळ थर काही हेल्मेटमध्ये असतो. तिरका आघात झाला तर हेल्मेट डोक्यावर किंचित सरकतं आणि डोक्याला बसणारा पीळ कमी होतो, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना पटण्यासारखी आहे, खर्च झेपत असेल तर घ्या. पण मिप्स असलेलं ढिलं हेल्मेट आणि मिप्स नसलेलं घट्ट बसणारं हेल्मेट यांत निवडायचं झालं तर मी दुसरंच निवडेन.

बसण्याची तपासणी अशी करा. शिवणकामाच्या टेपनं भुवयांच्या थोडं वरून डोक्याचा घेर मोजा आणि कंपनीच्या तक्त्यातून माप निवडा. हेल्मेट घातल्यावर पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर यायला हवी. कपाळ उघडं टाकून मागे सारलेलं हेल्मेट पुढे पडल्यावर काहीच वाचवत नाही. बाजूच्या पट्ट्या कानाखाली येऊन जुळायला हव्यात आणि हनुवटीखाली एखादं बोट जेमतेम जावं. मग पट्टा न लावता मुलाला डोकं जोरात हलवायला सांगा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर माप बरोबर, हेल्मेट वेगळं आणि डोकं वेगळं हललं तर मोठं झालं. आतून टोपी किंवा जाड स्कार्फ नको, आणि केस वर बांधलेले असतील तर तेही खाली घ्या, नाहीतर हेल्मेट केसांवर तरंगत राहतं. “वाढत्या अंगाचं” म्हणून एक माप मोठं घेण्याची आपली सवय कपड्यांपुरती ठेवा.

हेल्मेटनं कवटीचं संरक्षण चांगलं होतं, पण मेंदूला हादरा बसणं ते पूर्णपणे थांबवू शकत नाही, हेही माहीत असू द्या. स्काय ब्राऊन ही ब्रिटनची स्केटर २०२० साली सरावात मोठ्या रॅम्पवरून पडली. तिच्या कवटीला तडे गेले, डावं मनगट मोडलं. तिनं हेल्मेट घातलेलं होतं. पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये १३ व्या वर्षी तिनं कांस्यपदक जिंकलं. इतक्या भयंकर पडण्यातून ती परत उभी राहिली, त्यात हेल्मेटचा वाटा मोठा आहे असं मी मानते. व्हिडिओतल्या मुलांचं उदाहरण देणाऱ्या तुमच्या मुलाला आणखी एक गोष्ट सांगा: २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १८ वर्षांखालच्या स्केटरना हेल्मेट सक्तीचं होतं, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम मुलामुलींनाही.

दुसऱ्या क्रमांकाला मी मनगट ठेवते, आणि इथे मोठ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. पडताना हात पुढे किंवा मागे टेकणं ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे, ठरवून ती बंद करता येत नाही. ११ वर्षांच्या मुलात अशा पडण्यानं कोपराखालच्या हाताचं हाड मनगटाजवळ मोडतं किंवा दबतं, आणि हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्टीलाही इजा होऊ शकते. मोठ्यांमध्ये याच पडण्यात अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड नावाचं लहानसं हाडही मोडतं. त्याचा रक्तपुरवठा मुळात तोकडा, त्यामुळे ते भरून यायला फार वेळ घेतं.

मनगटावर घालायच्या रिस्ट गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला कडक प्लास्टिकची बाकदार पट्टी असते, बहुतेकांत मनगटाच्या वरच्या बाजूलाही एक असते. त्यांचं काम दोन प्रकारचं. मनगट मागे पूर्ण मुडपू द्यायचं नाही, हे पहिलं. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्लास्टिक जमिनीवर घसरतं, हात तिथेच रुतून बसत नाही, आणि जो धक्का सगळा हाडात गेला असता तो घसरण्यात थोडा खर्च होतो. स्नोबोर्डिंगमध्ये झालेल्या अभ्यासांत रिस्ट गार्डमुळे मनगटाच्या इजा कमी झाल्याचं दिसलं आहे. काही जण म्हणतात की पट्टी जिथे संपते तिथे हाडावर ताण येतो. ती शक्यता आहेच, तरीही नवशिक्यानं गार्ड घालावेत असंच माझं मत आहे. पुढे बोर्ड हातानं पकडण्याच्या युक्त्या शिकायला लागल्यावर बरेच स्केटर ते काढून टाकतात, कारण पट्टी आड येते. तो निर्णय तेव्हाचा तेव्हा. तोपर्यंत पडायचं कसं हे अंगवळणी पडलेलं असतं.

गार्ड घालताना डावा-उजवा अदलाबदल होतो, हे मी सारखं पाहते. बाकदार पट्टी तळहातावर, तिचा फुगवटा बाहेरच्या बाजूला. बोटांना मुंग्या आल्या तर पट्टा जास्त आवळलाय. गार्ड गोल फिरवून पाहा, फिरला तर ढिला आहे.

गुडघ्याच्या पॅडबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण यात एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. पॅड फक्त मार झेलत नाही, तो तुमची पडण्याची सवयही घडवतो. रॅम्पवर चुकलात तर दोन्ही गुडघ्यांवर बसून, पायाची बोटं मागे करून, टाचांवर बैठक घेऊन आणि हात वर ठेवून उतारावरून घसरत खाली यायचं असतं. हे घसरणं सुरक्षित ठरतं ते दोन कारणांनी: पॅडवरची टोपी कडक आणि गुळगुळीत असते, आणि उतार तुमचं खाली पडणं पुढे सरकण्यात बदलतो. मुलं हे पटकन शिकतात आणि मग सपाट जमिनीवरही तोल गेला की गुडघे टेकायला लागतात. सपाट जागेवर उतार नसतो, धक्का थेट गुडघ्यात येतो. म्हणून सपाट जागेवर मी पहिला बचाव शिकवते तो धावत उतरण्याचा: तोल जातोय असं वाटलं की बोर्ड सोडायचा आणि दोन-चार पावलं पळायचं. बोर्ड न वापरता, नुसतं उडी मारून पळत थांबण्याचा सराव आधी करा. पॅड त्यानंतरच्या चुकीसाठी आहेत. आणि ज्या दिवशी पॅड नसतील त्या दिवशी रॅम्पवर जायचं नाही, कारण सवयीनं गुडघे टेकले जाणारच.

यातूनच पॅड कोणता घ्यायचा ते ठरतं. व्हॉलीबॉलचे मऊ, कापडी पॅड इथे घेऊ नका. कापड काँक्रीटला धरून बसतं, गुडघा जागीच थांबतो आणि वरचं शरीर पुढे भिरकावलं जातं. कडक टोपीच हवी. सपाट जागेवर शिकणाऱ्या मुलाला मध्यम जाडीचे पॅड पुरतात, मोठ्या रॅम्पसाठी जाड, रुंद टोपीचे लागतात. काहींची टोपी झिजली की बदलता येते, खूप घसरणाऱ्यांना ते परवडतं.

तुमचे पॅड घसरतात त्याचं कारण बहुधा हे आहे: स्वस्त संचात पातळ पॅडला नुसते दोन इलॅस्टिकचे पट्टे असतात. चांगल्या पॅडला मागून कापडी बाही असते, ती पायावर चढवायची आणि मग पट्टे ओढायचे. पट्टा फक्त जागा पक्की करतो, धरून ठेवण्याचं काम बाही करते. पॅड गुडघा किंचित वाकवून घाला, सरळ पायावर नाही, कारण बोर्डवर गुडघे कायम वाकलेलेच असतात. मग मुलाला खोल बैठक घ्यायला सांगा. पॅड सरकून नडगीवर आला, किंवा गुडघ्यामागे कापड बोचून त्याला पूर्ण बसता येईना, तर माप चुकलं. “पॅड घातले की उभं राहता येत नाही” ही त्याची तक्रार मला इथलीच वाटते. गुडघे वाकवता आले नाहीत तर बोर्डवर तोल सांभाळताच येत नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं खरं आहे, ते ऐकून घ्या. बदलायचं आहे ते पॅडचं माप. युरोपीय मानक ईएन १४१२० असलेल्या पॅडवर ते किती वजनाच्या माणसासाठी आहेत हेही लिहिलेलं असतं, तेव्हा मुलाचे पॅड तुम्ही वापरू नका आणि तुमचे त्याला देऊ नका.

कोपराचे पॅड सपाट जागेवर गुडघ्याच्या मानानं कमी कामाला येतात, पण रॅम्पवर ते हवेतच. बसण्याचे नियम तेच. बाउलमध्ये (वाडग्यासारख्या खोलगट जागेत) किंवा मोठ्या रॅम्पवर जाणाऱ्यांनी नितंबाच्या बाजूला आणि माकडहाडापाशी फोम असलेली अर्धी चड्डी आतून घालावी. तुम्हाला स्वतःला मागे पडण्याची भीती वाटत असेल तर ती आत्ताच घ्यायला हरकत नाही. मोठ्या वयात शिकणाऱ्यांची भीती त्या चड्डीनं किती कमी होते ते मी पाहिलंय, आणि भीती कमी झाली की वजन पुढच्या पायावर येतं, म्हणजे पडणंही कमी होतं.

बुटांना लोक संरक्षक साहित्यात धरत नाहीत, मी धरते. धावण्याचे बूट नकोत. त्यांचा सोल जाड, मऊ आणि गोलसर असतो, त्यामुळे पायाला बोर्ड जाणवत नाही आणि घोटा कडेवरून मुरगळू शकतो. तळ सपाट, रबराची पकड चांगली आणि वरचा भाग स्वेडसारख्या टिकाऊ चामड्याचा असावा, कारण बोर्डच्या वर चिकटवलेल्या खरखरीत ग्रिप टेपवर कापड लवकर फाटतं. लेस लोंबू देऊ नका, चाकात अडकते. उंच बुटानं घोटा वाचतोच असं समजू नका, तो मुख्यतः घोट्याच्या हाडाला बोर्डचा मार बसू देत नाही.

सगळं एकदम घेणं शक्य नसेल तर आधी हेल्मेट आणि सपाट बूट, मग रिस्ट गार्ड, मग गुडघ्याचे पॅड. कोपराचे पॅड रॅम्पवर जाण्याआधी घ्या. वापरलेले पॅड एखाद्या ओळखीच्याकडून घेतले तर चालतील, शिवण आणि टोपी तपासून घ्या. वापरलेलं हेल्मेट मात्र कोणाकडूनही घेऊ नका, त्यानं किती आघात खाल्लेत ते बाहेरून कळत नाही. ईपीएसचं हेल्मेट जोरात आपटलं तर तडा दिसो वा न दिसो, बदला. ते उन्हात गाडीत ठेवू नका, आणि त्यावर रंग किंवा तीव्र गोंदाचे स्टिकर नको, काही रसायनांनी कवच कमकुवत होतं. पॅड वापरून झाले की लगेच पिशवीत कोंबण्याऐवजी उघडे वाळवा. ओल्या पॅडचा वास हे मुलांनी पॅड टाळण्याचं एक खरंखुरं कारण असतं.

मुलानं साहित्य घालावं यासाठी माझ्याकडे एकच उपाय आहे जो टिकतो: तुम्हीही सगळं घाला, प्रत्येक वेळी, पाच मिनिटांसाठी उतरलात तरी. रंग त्याला निवडू द्या. आणि पहिल्या दिवशी बोर्ड बाजूला ठेवून गवतावर किंवा गादीवर मुद्दाम पडण्याचा खेळ खेळा. गुडघे टेकून गार्डवर पुढे घसरायचं, मग कुशीवर लोळायचं. गार्ड जमिनीवर घसरतो आणि दुखत नाही, हे एकदा त्याच्या अंगाला कळलं की घालायला सांगावं लागत नाही.

इतकं करूनही कधी तरी लागेल. डोकं आपटल्यावर उलटी होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, जास्त झोप येणं किंवा दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब रुग्णालयात न्या. नुसतं थोडं गरगरलं तरी त्या दिवशी पुन्हा बोर्डवर नाही, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढेही नाही. मनगटावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही तरी स्वस्थ बसू नका. स्कॅफॉइडचा तडा सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. हाताला आधार बांधून ठेवा आणि डॉक्टरांना पुन्हा तपासायला सांगा.